फातिमा इस्माईल

फातिमा इस्माईल (इ.स. १९०३ – इ.स. १९८७) या भारतीय समाजसेविका व राज्यसभेच्या नामनिर्देशित सदस्या होत्या. पोलिओमुळे अपंगत्व आलेल्या मुलांच्या उपचारासाठी व पुनर्वसनासाठी इ.स. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रेन' या धर्मादाय संस्थेच्या त्या संस्थापिका होत. भारत सरकारने इ.स. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्काराने गौरविले.

पार्श्वभूमी

फातिमा इस्माईल या मुंबईतील गिरणीमालक व स्वातंत्र्यसैनिक उमर सोबानी यांच्या भगिनी. सोबानी हे महात्मा गांधींचे निकटचे सहकारी होते. परळ येथील त्यांच्या गिरणीच्या आवारात ३१ जुलै १९२१ रोजी विदेशी कापडाची होळी करण्यात आली होती. सार्वजनिक कार्यासाठी सढळ हाताने देणगी देण्याची परंपरा फातिमाबाईंना माहेरूनच लाभली. पुढे त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या कार्यात सहभागी झाल्या.

कन्येचा आजार

इ.स. १९४० च्या दशकात त्यांच्या कन्येला बालवयात पोलिओ झाला. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील चालक चेतापेशींवर आघात करतो. त्यामुळे स्नायूंना मिळणारी चेतना खंडित होऊन हातपाय लुळे पडतात व वापराअभावी स्नायू क्षीण होत जातात. त्या काळी या रोगावर लस नव्हती. जोनास साल्क यांची लस इ.स. १९५५ मध्ये उपलब्ध झाली. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नसल्याने व्यायाम, मालिश, आधारपट्ट्या आणि शस्त्रक्रिया यांवरच भिस्त होती.

भारतात अशा उपचारांची सोय तुरळक होती. मोठ्या शहरांतच ती दुर्मीळ असताना बारामती, इंदापूर यांसारख्या तालुक्यांतील कुटुंबांना ती मिळणे जवळजवळ अशक्य होते. फातिमाबाईंनी कन्येला मद्रास येथील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे नेले. त्यानंतर पुण्यात, जखमी सैनिकांसाठी लष्कराने चालविलेल्या भौतिकोपचार केंद्रातही तिच्यावर उपचार झाले. नियमित व दीर्घकाळ चाललेल्या या उपचारांचा तिला लाभ झाला. मात्र एवढा प्रवास व खर्च सर्वसामान्य पालकांच्या आवाक्याबाहेरचा होता. या जाणिवेतून त्यांच्या पुढील कार्याची दिशा ठरली.

मुंबईतील कार्य

इ.स. १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले. प्रसिद्ध शल्यचिकित्सक डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी त्यासाठी चौपाटी येथील आपली जागा दिली. रुग्णांची संख्या वाढू लागल्याने जागा अपुरी पडू लागली. तेव्हा मरीन लाइन्स येथील बंद होत असलेल्या लष्करी रुग्णालयाची जागा त्यांनी प्रयत्नपूर्वक मिळविली. पुढे हाजीअली येथे संस्थेचे बाल अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले.

पोलिओग्रस्त मुलाला वर्षानुवर्षे व्यायाम करावा लागतो. वाढत्या वयानुसार कॅलिपर बदलावे लागतात आणि काही वेळा एकाहून अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागतात. त्यामुळे एकदाच मिळालेल्या देणगीवर असे कार्य चालत नाही. ही गरज ओळखून संस्थेने देणग्या, तज्ज्ञांची सेवा व शासकीय साहाय्य यांची सांगड घातली.

शिक्षण व रोजगार

उपचार घेणाऱ्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून संस्थेने त्यांच्यासाठी शाळा चालविली. प्रौढ अपंगांना दयेवर अवलंबून न राहता स्वतःच्या श्रमावर उपजीविका करता यावी, या हेतूने 'फेलोशिप ऑफ द फिजिकली हँडिकॅप्ड' या संस्थेच्या उभारणीतही फातिमाबाईंचा पुढाकार होता.

राज्यसभा

इ.स. १९७८ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. इ.स. १९८४ पर्यंत त्या सदस्या होत्या.

वारसा

हाजीअली परिसरात इ.स. १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थाही सुरू झाली आणि हा भाग अपंगांच्या उपचारांचे प्रमुख केंद्र बनला. मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागासह भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. फातिमाबाईंनी स्थापन केलेल्या संस्थेचे हाजीअली येथील रुग्णालय आता बालकांच्या सर्वच आजारांवर उपचार करते. स्नायुक्षयासारख्या चेता-स्नायूविकारांच्या रुग्णांनाही भौतिकोपचार, साधने व शिक्षण यांची दीर्घकाळ गरज असते. त्यामुळे या तिन्हींना एकत्र आणणारी त्यांची कार्यपद्धती पोलिओच्या निर्मूलनानंतरही उपयुक्त ठरते.