हॅमंड ऑर्गनचे जनक लॉरेन्स हॅमंड

वाद्य घडवणाऱ्याला ते वाजवता आलेच पाहिजे, असे आपल्याला वाटते. जगप्रसिद्ध विजेचा ऑर्गन बनवणारे लॉरेन्स हॅमंड मात्र वादक नव्हते. त्यांचा जन्म ११ जानेवारी १८९५ रोजी अमेरिकेत शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन येथे झाला. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले. बालपण आईबरोबर युरोपात गेले. १९१६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून ते अभियंता झाले.

त्यांनी प्रथम टिकटिक ऐकू न येणारे घड्याळ केले. चावीचे यंत्र त्यांनी आवाज कोंडणाऱ्या पेटीत बसवले, इतकेच! पुढे विजेच्या आवर्तनांशी पाऊल जुळवून फिरणारी सिंक्रोनस मोटर तयार करून १९२८ मध्ये त्यांनी घड्याळांची कंपनी काढली. लगेच महामंदी आली. घड्याळांना गिऱ्हाईक मिळेना, कामगारांना काम कुठून द्यायचे? पत्ते आपोआप वाटणारे टेबलसुद्धा त्यांनी विकून पाहिले.

मग १५ डॉलरचा जुना पियानो आणून त्यांनी पट्ट्यांखेरीज सारे काढून टाकले. घड्याळाच्याच जातीची मोटर आता ९१ चाके फिरवू लागली. प्रत्येक चाकाजवळ चुंबक आणि तारेचे वेटोळे. चाकाचे उंचवटे चुंबकासमोरून गेले की वेटोळ्यात त्या स्वराचा प्रवाह निर्माण होई. १९३४ मध्ये पेटंट मिळाले, १९३५ मध्ये ऑर्गन बाजारात आला. ही मोटर स्वतःहून सुरू होत नसे. म्हणून एक बटण सुमारे आठ सेकंद दाबून चाकांना गती द्यायची, मग दुसरे लावायचे.

पण एक आवाज काही जाईना. प्रत्येक पट्टीखाली नऊ जोड होते. ते एकाच क्षणी जुळत नसत, त्यामुळे सुराआधी ‘टक्’ होई. टिकटिक बंद करणाऱ्याच्या वाद्यात ही टकटक! कंपनीने ती कमी करण्याचे प्रयत्न केले. पण १९५० च्या दशकात जिमी स्मिथसारख्या जॅझ वादकांच्या हाती तीच रंगत ठरली. आज हॅमंडची नक्कल करणाऱ्या कीबोर्डमध्ये ती मुद्दाम घालतात, याची आम्हाला गंमत वाटते.

नको असलेला आवाज अडवण्याचे काम आजच्या कीबोर्डमध्ये म्यूटिंग सर्किट करते. वीज सुरू होताच आतले कपॅसिटर भरू लागतात. त्या धक्क्याने स्पीकर ‘धप्प’ करील, म्हणून व्होल्टेज स्थिरावेपर्यंत हे सर्किट आवाजाची वाट बंद ठेवते. बराच वेळ पट्टी दाबली नाही तर अनेक कीबोर्ड वीज वाचवण्यासाठी आपोआप बंद होतात. तेव्हाही आधी आवाज तोडला जातो, मग वीज. घरी कीबोर्ड असेल तर सुरू करताना तो क्षणभराचा अबोला जरूर ऐका.

हॅमंड १९६० मध्ये निवृत्त झाले. जुलै १९७३ मध्ये कनेटिकट राज्यातील कॉर्नवॉल येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे होती.