ग्रीक क्रियापदांचे अभ्यासक : डॉ. जेम्स होप मोल्टन

नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक होय, हे आपल्या मंडळ्यांतील बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु ती ग्रीक भाषा कोणत्या प्रकारची, ती कोण बोलत असत, आणि तिच्या क्रियापदांचा नेमका अर्थ काय, हे ज्यांनी आयुष्यभर शोधिले, त्या विद्वानांची ओळख आपल्यापैकी थोड्यांसच असेल. अशा विद्वानांत डॉ. जेम्स होप मोल्टन ह्यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांच्या आयुष्याची अखेरची दीड वर्षे आपल्या देशात, विशेषेकरून मुंबईच्या पारशी समाजाच्या सहवासात गेली. म्हणून त्यांचे चरित्र आपणांस परके वाटू नये.

मोल्टन ह्यांचा जन्म इंग्लंडात, लंडनजवळील रिचमंड ह्या गावी, ता. ११ ऑक्टोबर १८६३ रोजी झाला. त्यांचे वडील विल्यम फिडियन मोल्टन हे वेस्लियन मेथॉडिस्ट मंडळीचे पाळक असून ग्रीक भाषेचे मोठे पंडित होते. विनर नामक जर्मन विद्वानाने लिहिलेल्या नव्या कराराच्या व्याकरणाचे त्यांनी सन १८७० मध्ये इंग्रजीत भाषांतर केले होते. इंग्रजी नव्या कराराची सुधारलेली आवृत्ती सन १८८१ मध्ये निघाली, ती तयार करणाऱ्या मंडळातही ते होते. केंब्रिज येथील लीझ स्कूल सन १८७५ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले मुख्याध्यापक तेच झाले. अशा घरात वाढलेल्या मुलाच्या कानांवर ग्रीक शब्द लहानपणापासूनच पडले, ह्यात नवल नाही.

जेम्स ह्यांचे शिक्षण त्याच शाळेत व पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात झाले. तेथे ग्रीक व लॅटिन ह्यांबरोबरच त्यांनी संस्कृत आणि पारशी धर्मग्रंथांची अवेस्ता भाषा ह्यांचाही अभ्यास केला. सन १८८६ मध्ये ते पाळकपणाच्या सेवेत शिरले, आणि सन १९०२ पर्यंत त्यांनी लीझ स्कूलमध्येच शिकविले. नंतर मँचेस्टरजवळील डिड्सबरी कॉलेजात भावी पाळकांस शिकविण्याचे काम त्यांजकडे आले. सन १९०८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाने त्यांस प्राध्यापक नेमिले.

संस्कृत शिकल्याचा लाभ त्यांस ग्रीक क्रियापदांच्या अभ्यासात फार झाला. ग्रीक व संस्कृत ह्या दोन भाषा एकाच प्राचीन मातेच्या कन्या आहेत. ग्रीकात 'मी देतो' ह्यास 'दिदोमि' म्हणतात, संस्कृतात 'ददामि'. ग्रीक 'एस्ति' म्हणजे संस्कृत 'अस्ति'. ठेवणे ह्या अर्थाचे ग्रीक 'तिथेमि' आणि संस्कृत 'दधामि', तसेच वाहून नेणे ह्या अर्थाचे ग्रीक 'फेरो' आणि संस्कृत 'भरामि', ही सख्खी भावंडे होत. संस्कृतात परस्मैपद व आत्मनेपद असा जो भेद आहे, तशाच जातीचा भेद ग्रीक क्रियापदांतही आढळतो. ज्या वाचकाने शाळेत थोडेसे संस्कृत घोकले आहे, त्यास ग्रीक भाषा अगदी परमुलखातली वाटण्याचे कारण नाही.

त्या काळी विद्वानांत एक मोठा वाद होता. नव्या कराराची ग्रीक भाषा अथेन्सच्या जुन्या ग्रंथकारांच्या भाषेहून निराळी दिसे. तेव्हा कोणी म्हणत, ही इब्री वळणाची अशुद्ध ग्रीक आहे. कोणी म्हणत, ही केवळ पवित्र शास्त्राकरिता निर्माण झालेली वेगळीच भाषा आहे. इतक्यात मिसर देशात एक नवल घडले. तेथील कोरड्या वाळूत, जुन्या गावांच्या उकिरड्यांत, पपायरस नामक लव्हाळ्यापासून केलेल्या कागदांचे ढीग सापडू लागले. सन १८९६-९७ च्या हंगामात ग्रेनफेल व हंट ह्या दोघा इंग्रज संशोधकांनी ऑक्सिऱ्हिंकस ह्या ठिकाणी खणावयास आरंभ केला, तेव्हा असे कागद हजारोंनी हाती आले. त्यांत पावत्या, भाडेचिठ्ठ्या, सरकारदरबारी केलेले अर्ज, आणि घरची माणसे एकमेकांस लिहीत ती पत्रे होती. त्यांतील बहुतेकांची भाषा ग्रीक होती.

हे कागद व नवा करार ह्यांची भाषा एकच आहे, हे जर्मनीतील अडोल्फ डाइसमान ह्यांनी प्रथम ठळकपणे दाखविले. त्यांचा ग्रंथ सन १८९५ मध्ये निघाला. मोल्टन ह्यांनी तोच धागा धरून व्याकरणाच्या अंगाने शोध चालविला. वडिलांनी भाषांतरित केलेल्या विनरच्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढावी, असा त्यांचा मूळ बेत होता. परंतु नवे ज्ञान जुन्या चौकटीत मावेना, म्हणून त्यांनी स्वतंत्र व्याकरणच लिहावयास घेतले. त्याचा पहिला भाग सन १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सन १९०८ पर्यंत त्याची तिसरी आवृत्ती काढावी लागली.

ह्या शोधाचा उपयोग काय, असे कोणी विचारील, म्हणून दोन उदाहरणे देतो. दाखविण्यासाठी दानधर्म, प्रार्थना व उपास करणाऱ्या दांभिकांविषयी प्रभूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तीन वेळा एकच क्रियापद योजिले आहे. ते 'अपेखो' होय. 'एखो' म्हणजे धरणे, जवळ असणे. संस्कृतातील 'सह्' धातू ह्याच कुळातला आहे. त्यास 'अपो', म्हणजे पासून, हा उपसर्ग लागला, म्हणजे दुसऱ्यापासून आपले येणे हाती घेणे असा अर्थ होतो. मिसर देशातील कागदांवर व खापरांवर लिहिलेल्या पावत्यांत हाच शब्द पुनःपुन्हा आढळतो. आपल्याकडे रोख रक्कम मिळाल्यावर पावतीवर 'भरून पावलो' असे लिहून अंगठा उठवितात, तसाच तो शब्द आहे. पावती झाली म्हणजे पुढे मागणे उरत नाही. लोकांची वाहवा मिळाली, हिशेब मिटला; आता स्वर्गातील पित्याकडे येणे काहीच राहिले नाही. हा अर्थ समजताच त्या वचनाची धार किती वाढते पाहा!

दुसरे उदाहरण क्रियापदांच्या रूपांचे आहे. ग्रीक क्रियापद काळ दाखविते, त्याचप्रमाणे क्रिया कोणत्या रीतीची आहे हेही दाखविते. एकदा होऊन संपणारी क्रिया बिंदूसारखी, व चालू राहणारी क्रिया रेषेसारखी, असा भेद मोल्टन ह्यांनी इंग्रजी वाचकांस उलगडून सांगितला. प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीची विनंती मत्तय 'दोस' ह्या रूपाने लिहितो, लूक 'दिदू' ह्या रूपाने. आपल्या मराठीत हा भेद सहज दाखविता येतो: पहिले 'दे', दुसरे 'देत जा'. मत्तयात आजची भाकर आहे, म्हणून 'दे'. लूकात रोजची आहे, म्हणून 'देत जा'. तसेच याईराच्या घरी आधीच रडत असलेल्या लोकांस प्रभू जे बोलला, त्यात चालू क्रियेचे रूप आहे. तुमचे हे रडणे आता थांबवा, असा त्याचा भाव आहे. हा नियम सर्व ठिकाणी सारखा लागू पडत नाही, हे मोल्टन स्वतः जाणून होते, आणि पुढील विद्वानांनी त्यास आणखी मर्यादा घातल्या आहेत. तसेच नव्या करारात इब्री वळण त्यांनी प्रथम मानिले त्याहून अधिक आहे, असे पुढे दिसून आले. तरी त्यांच्या शोधाचा पाया टिकला आहे.

सन १९१५ मध्ये त्यांची पत्नी वारली. त्याच वर्षी वाय. एम. सी. ए. च्या बोलावण्यावरून ते हिंदुस्थानात आले. अवेस्ता जाणणारा हा पाळक मुंबईत पारशी बंधूंपुढे जरथुष्ट्राच्या शिकवणीवर आदराने व्याख्याने देई, आणि ख्रिस्ताविषयी आपली साक्षही निर्भीडपणे देई. पारशी धर्मावरील त्यांचा ग्रंथ सन १९१७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ते येथे असतानाच त्यांचा एक पुत्र महायुद्धात पडला. ज्या जर्मन विद्वानाच्या पावलावर पाऊल ठेवून त्यांनी आपले कार्य केले, त्याचे राष्ट्र आता त्यांच्या राष्ट्राशी लढत होते.

सन १९१७ च्या वसंतात ते मायदेशी परत निघाले. पोर्ट सईद येथे त्यांचे जुने मित्र डॉ. रेंडेल हॅरिस त्यांस जहाजावर भेटले. एप्रिलच्या आरंभी भूमध्य समुद्रात त्या जहाजावर पाणबुडीचा हल्ला झाला व ते बुडाले. दोघे मित्र एका लहान नावेत उतरले. थंडी, भूक व लाटा ह्यांत ती नाव काही दिवस भरकटत राहिली. मोल्टन ह्यांनी आपल्या पाळीस वल्हे मारिले, नावेतील पाणी उपसले, आणि जे मरण पावले त्यांच्यासाठी प्रार्थना करून त्यांचे देह समुद्राच्या स्वाधीन केले. शेवटी त्यांची स्वतःची शक्ती संपली, व त्यांचाही देह त्याच समुद्रात ठेवण्यात आला. हॅरिस वाचले, म्हणून ही हकीकत जगास कळली. त्या वेळी मोल्टन ह्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते.

व्याकरण अपुरे राहिले होते. दुसरा भाग त्यांचे शिष्य हॉवर्ड ह्यांनी पुरा करून छापविला. पपायरसांच्या आधारे नव्या कराराच्या शब्दांचा जो कोश त्यांनी जॉर्ज मिलिगन ह्यांजबरोबर आरंभिला होता, तो मिलिगन ह्यांनी सन १९२९ मध्ये तडीस नेला.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांस वाटते, की आपली बोली गावठी, आपले शब्द शेताभातातले. देवाच्या कामास ती कशी शोभेल? मिसरच्या उकिरड्यांतून निघालेल्या कागदांनी ह्यास उत्तर दिले आहे. शेतकरी, शिपाई व सावकार ज्या भाषेत पावत्या लिहीत, त्याच भाषेत प्रेषितांनी सुवार्ता लिहिली. म्हणून उपदेशक बंधूने वचन उघडताना क्रियापदाकडे नीट लक्ष द्यावे; 'दे' आहे की 'देत जा' आहे, हे पाहावे; आणि मग ते आपल्या गावच्या चोख बोलीत लोकांस सांगावे. एका शब्दाचा खरा अर्थ हाती यावा म्हणून एका विद्वानाने आपले आयुष्य वेचले. तो अर्थ ऐकणाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचविणे हे काम आपल्याकडे आहे.