मासळी बाजारातून विधानसभेत : आल्फ्रेड स्मिथ

न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत ३० डिसेंबर १८७३ रोजी जन्मलेल्या आल्फ्रेड स्मिथ ह्यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. सेंट जेम्स धर्मग्रामाची शाळा अर्ध्यावर सोडून ते पुढे फुल्टन मासळी बाजारात राबले. ह्या बाजाराची 'पदवी' ते नंतर थट्टेने मिरवीत असत!

१९०४ साली ते राज्याच्या विधानसभेत गेले. विधेयकांची भाषा उमगेना, म्हणून रात्री जागून त्यांनी ती वाचून काढली. १९१३ मध्ये ते सभापती झाले.

२५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याच्या एका दाराला कुलूप होते. १४६ कामगारांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित तरुणी होत्या. चौकशी आयोगाचे उपाध्यक्ष ह्या नात्याने स्मिथ ह्यांनी अनेक कारखाने स्वतः पाहिले. सुटकेचे मार्ग, आगीपासून बचावाचा सराव, कामाचे तास ह्यांविषयी तीसहून अधिक कायदे झाले. अन्नपदार्थ डबाबंद करणाऱ्या कारखानदारांना साप्ताहिक सुटीचा नियम नको होता. प्रभूचा दिवस पाळण्याच्या आज्ञेत अशा कारखान्यांना सवलत दिलेली आपल्याला आढळली नाही, असे स्मिथ ह्यांनी सुनावले. आम्हांस त्यांची श्रद्धा ह्या प्रसंगातच अधिक दिसते.

पुढे ते चार वेळा गव्हर्नर झाले. १९२८ मध्ये प्रमुख पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविणारे ते पहिले कॅथलिक ठरले. पोपमहोदयच अमेरिकेवर राज्य करतील, असा अपप्रचार झाला. त्यांचा दारूबंदीविरोधही अनेकांना रुचला नाही. हूव्हर ह्यांनी त्यांचा मोठा पराभव केला. स्वतःच्या न्यूयॉर्क राज्यानेही त्यांना साथ दिली नाही.

४ ऑक्टोबर १९४४ रोजी ते निवर्तले. त्यांचे पार्थिव सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले होते.