नवसारीचा मुलगा, सावनेरचा अखेरचा मुक्काम आणि मधला 'एकच प्याला'

तुकोजीराव होळकरांच्या नावाचं तुकोगंज इंदूरच्या मराठी माणसाला नवं नाही. दक्षिण तुकोगंजात नाथ मंदिर आहे, रवींद्र नाट्यगृह आहे, जाल सभागृह आहे. याच भागात हॉटेलंही भरपूर. तिथल्या टेबलांवर आता नुसती व्हिस्की मागवली जात नाही. कोणती, कुठली, किती वर्षं लाकडी पिंपात मुरलेली, हे सगळं विचारलं जातं. एकाला धुराचा वास असलेली स्कॉच हवी असते, दुसरा गोव्याच्या जिनची बाजू घेतो, तिसऱ्याला ताजी क्राफ्ट बिअर सोडून बाकी सगळं फिकं वाटतं. बंगळूरची अमृत सिंगल माल्ट 2004 मध्ये बाजारात आली, पुण्यात 2009 मध्ये डूलॅली सुरू झालं, आणि चवीवर तासन् तास बोलणारी अशी मंडळी गावोगाव तयार झाली.

अशा मंडळींची बैठक मराठी रंगभूमीवर शंभर वर्षांपूर्वीच भरून गेली आहे. तिचं नाव आर्य मदिरा मंडळ, आणि ती भरवणारे राम गणेश गडकरी.

गडकरी म्हटलं की लोकांना पुणं आठवतं, फार तर ठाण्याचं रंगायतन. पण हा माणूस सीमेपलीकडचा. जन्म 26 मे 1885, गाव नवसारी, म्हणजे त्या वेळचं गायकवाडांचं बडोदा संस्थान आणि आजचा गुजरात. वडील लवकर गेले. लहानपण गुजरातेत गेलं आणि पहिली अक्षरं गुजराती. मराठी शाळा वाट्याला आली ती उशिरा. ज्यांची मुलं आज इंदुरात हिंदी किंवा बेळगावात कन्नड शिकतात, त्यांनी ही गोष्ट जरा लक्षात ठेवावी. मराठीतला सर्वांत शब्दश्रीमंत नाटककार अशा घरातून आला.

पुण्यात मॅट्रिक झालं, फर्ग्युसनमध्ये नाव घातलं, पण गणिताने दगा दिला आणि कॉलेज सुटलं. मग पोटासाठी मिळेल ते. शिकवणं, वर्तमानपत्रात लिहिणं, किर्लोस्कर नाटक मंडळीतली नोकरी. नाटक कंपनीत राहून त्यांनी नाटक आतून पाहिलं. नट कुठे थांबतो, पिटातला प्रेक्षक कुठे हसतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. कविता गोविंदाग्रज नावाने, विनोद बाळकराम नावाने आणि नाटकं स्वतःच्या नावाने, असा तिहेरी संसार एकाच वेळी चालला.

गुरू मानले ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. कोल्हटकरही सीमेकडचेच म्हणायचे. नागपूरला जन्म, आणि वकिलीची बरीच वर्षं बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदला, सातपुड्याच्या पायथ्याशी. दारूचा विषय कोल्हटकरांनी 'मूकनायक' नाटकात आधीच घेतला होता. शिष्याने तोच विषय उचलला, पण गुरूच्या नाटकात नसलेली एक धास्ती त्यात आणली.

'प्रेमसंन्यास' 1912 मध्ये आलं, 'पुण्यप्रभाव' 1916 मध्ये. नाव झालं. त्यानंतर 'एकच प्याला'. सुधाकर हा हुशार, मानी वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ जाते, डोकं तापतं. कारकून तळीराम जवळ येतो आणि दुःखावर उपाय म्हणून एक प्याला पुढे करतो. पुढचं सगळं त्या एका प्याल्यातून निघतं. बायको सिंधू लोकांचं दळण दळून घर चालवते. दारूच्या भरात सुधाकरच्या हातून तान्हं मूल मरतं, सिंधूला जीवघेणा मार बसतो. मरतानाही ती पोलिसांपुढे नवऱ्याचं नाव घेत नाही. शेवटी सुधाकर प्याल्यातूनच विष घेतो.

गोष्ट एवढीच असती तर ते दारूबंदीचं प्रचारनाट्य झालं असतं आणि केव्हाच विसरलं गेलं असतं. गडकऱ्यांनी धाडस केलं ते मदिरा मंडळात. तो काळ मंडळांचा होता. प्रत्येक सुधारणेला एक सभा, एक अध्यक्ष, एक ठराव. गडकऱ्यांनी तोच थाट पिणाऱ्यांना दिला. शास्त्री आणि खुदाबक्ष एकाच बैठकीत बसतात, दारूच्या बाजूने शास्त्रार्थ होतो, पिण्यातून समाजाची एकी कशी होते याचे दाखले दिले जातात. तळीराम तर असा बोलतो की विरोधकाला उत्तर सुचू नये. प्रेक्षक पोट धरून हसतो. हसता हसता तो त्या बैठकीचा सभासद होऊन जातो, आणि पुढे सिंधूचं जातं ऐकू येतं.

यावर आक्षेपही घेतले गेले. दारूचे प्रवेश इतके रंगतदार, की निषेधापेक्षा जाहिरातच व्हायची! आक्षेप अगदी खोटा नाही. तळीरामाचा खेळ पाहायला म्हणून येणारा प्रेक्षक होताच. पण गडकऱ्यांची नजर नेमकी तिथे होती. व्यसन राक्षसाच्या रूपात दारात येत नाही. ते गप्पांमधून येतं, चार जिवलग माणसांच्या सोबतीतून येतं. तळीराम वाईट माणूस म्हणून आलाच असता तर सुधाकरने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं. सिंधूचं पातिव्रत्य आजच्या वाचकाला खुपतं, आणि ते खुपायलाच हवं. मात्र पिणाऱ्याची किंमत घरात कोण मोजतं, हे इतक्या उघडपणे मराठीत त्याआधी कुणी मांडलं नव्हतं.

आणखी एक जागा. सुधाकर मध्येच दारू सोडतो. काम मागायला बाहेर पडतो, तर जुने ओळखीचे लोक झिडकारतात. तो परत प्याल्याकडे वळतो आणि रामलालला व्यसनाच्या पायऱ्या समजावून सांगतो: आधी गंमत, मग गरज, मग सुटकाच नाही. हे लिहिलं तेव्हा व्यसन हा आजार आहे असं म्हणणारं आपल्याकडे फारसं कुणी नव्हतं. अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस 1935 मध्ये सुरू झालं, पुण्यात मुक्तांगण 1986 मध्ये. सोडलेला माणूस पुन्हा का पितो, यात समाजाच्या वागण्याचा वाटा किती, हे नाटककाराने आधीच दाखवून ठेवलं होतं.

नाटक हाती आलं तेव्हा प्रकृती ढासळली होती. गडकरी सावनेरला गेले. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्यावरचं हे गाव, त्या वेळी मध्यप्रांतात. आज पुढे थोडं गेलं की मध्य प्रदेश लागतो. आजारपणातच 'भावबंधन' पुरं केलं. 23 जानेवारी 1919 रोजी ते गेले. वय 33. पुरी झालेली नाटकं चार, 'राजसंन्यास' अर्धं राहिलं.

'एकच प्याला'चा पहिला प्रयोग त्यानंतर चार आठवड्यांनी, 20 फेब्रुवारी 1919 रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात केला. म्हणजे जन्म गायकवाडांच्या मुलखात आणि सर्वांत गाजलेल्या नाटकाचा पडदाही तिथेच उघडला, फक्त लेखक नव्हता. पदं लिहायची राहून गेली होती, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व. भरजरी शालूंसाठी ओळखले जाणारे बालगंधर्व ठिगळाच्या लुगड्यात उभे राहिले आणि थिएटर रडलं. दारूचा विषय पुढे हसण्यावारीही गेला. अत्र्यांची 'ब्रँडीची बाटली' 1939 मध्ये पडद्यावर आली, तीही तितकीच चालली.

इंदूरशी गडकऱ्यांचा धागा वेगळ्याच वाटेने जुळतो. 'भावबंधन' मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने केलं आणि त्यातली लतिका खुद्द दीनानाथ करीत. 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदुरात त्यांना मुलगी झाली. नाव ठेवलं हेमा, पुढे लतिकेवरून ते लता झालं.

गडकऱ्यांच्या नवसारीत आज दारूबंदी आहे, कारण सारा गुजरातच कोरडा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतही बंदी. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. बंदीच्या जिल्ह्यात सीमेपलीकडची बाटली कशी पोचते, हे या भागातल्या वाचकाला सांगायला नको. महेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन इथली दुकानंही मध्य प्रदेश सरकारने 1 एप्रिल 2025 पासून बंद केली. तुकोगंजातली टेबलं मात्र भरलेली असतात. चवीचा जाणकार आणि तळीराम एकच नव्हेत, हे मान्य करायला हवं. घोटभर घेऊन वास, रंग आणि धान्य ओळखणारे बरेच जण तिथेच थांबतात. काही थांबत नाहीत. मदिरा मंडळातले सगळे सभासदही सुरुवातीला दर्दीच होते, आणि बैठक उठल्यावर त्यांच्यातला कोण घरी कसा गेला हे गडकऱ्यांनी सुधाकरच्या गोष्टीत दाखवलं.