वाट मोकळी करणारा वीर

कोकणात सुरुंग हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. विहिरीचा कातळ फोडायचा असो, की डोंगरातून रस्ता काढायचा असो, सुरुंगावाचून भागत नाही. पण वात पेटवण्यापूर्वी मोठ्याने आरोळी दिली जाते, माणसे दूर जातात आणि मगच स्फोट होतो. युद्धात पेरलेल्या सुरुंगाला ही आरोळी नसते. तो मातीखाली गप्प पडून राहतो. युद्ध थांबले, सैन्ये माघारी गेली, तरी त्याला ते कळत नाही. अशा सुरुंगांशी झुंज देऊन अमर झालेला एक वीर याच पश्चिम किनाऱ्याने देशाला दिला. त्यांचे नाव मेजर रामा राघोबा राणे.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. त्यांचे घराणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. वडील पोलीस खात्यात शिपाई. त्यांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे रामाचे शिक्षण सलग असे झालेच नाही. दुसरे महायुद्ध पेटले होते. १० जुलै १९४० रोजी बावीस वर्षांचा हा तरुण बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे ज्यांना आपण बॉम्बे सॅपर्स म्हणतो त्या दलात, साधा शिपाई म्हणून भरती झाला. ज्या दापोलीला जुनी माणसे अजून ‘कॅम्प’ म्हणतात, त्या गावातील वाचकांना पलटणीत जाणारा कोकणी मुलगा काही नवखा नाही.

सॅपरचे काम मोठे विलक्षण. पूल बांधणे आणि पूल उडवणे, सुरुंग पेरणे आणि सुरुंग काढणे, ही दोन्ही कामे त्यालाच शिकवली जातात. राणे यांनी ती इतक्या मन लावून शिकली की, त्यांच्या तुकडीतील सर्वोत्कृष्ट रिक्रूट म्हणून त्यांचा गौरव झाला. पुढे ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर सैन्य माघार घेत असता बुथिडाँग येथील महत्त्वाची ठिकाणे उडवून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. काम फत्ते झाले, पण न्यायला येणारे जहाज आलेच नाही. तेव्हा जपानी पहाऱ्यातून नदी ओलांडून त्यांनी आपली माणसे पुन्हा डिव्हिजनमध्ये आणून पोचवली. या कामगिरीबद्दल त्यांना तत्काळ हवालदार केले गेले. १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले आणि ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत रुजू झाले.

त्या वेळी काश्मीरमध्ये युद्ध सुरू होते. मार्च १९४८ मध्ये झांगर परत जिंकल्यावर भारतीय सैन्याने नौशेराहून राजौरीकडे जायचे ठरवले. राजौरीत अडकलेल्या नागरिकांचे हाल चालले होते, म्हणून घाई होती. पण जाण्याचा रस्ता उरलाच कुठे होता? जागोजाग झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या आणि मध्ये सुरुंग पेरलेले. ८ एप्रिलला ४ डोग्रा पलटणीने बरवालीची धार काबीज केली आणि राणे आपल्या माणसांसह सुरुंग काढायला बसले. तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन सॅपर ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. तरीही ते मागे फिरले नाहीत.

पुढे जे घडले ते आजही वाचताना अंगावर काटा उभा राहतो. गोळ्यांचा वर्षाव चुकवण्यासाठी राणे रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्या पोटाखालून सरपटत त्याच्याबरोबर पुढे सरकू लागले. हातात दोन दोऱ्या. एक ओढली की चालकाने थांबायचे, दुसरी ओढली की पुढे जायचे. अशा रीतीने सुरुंग शोधत, अडथळे दूर करीत, मोडलेल्या रस्त्याला बगल देत ११ एप्रिलपर्यंत त्यांनी चिंगसची वाट मोकळी केली. त्यानंतर राजौरी मुक्त झाली. त्या युद्धात पाच जणांना परमवीरचक्र मिळाले. तिघांना ते मरणोत्तर मिळाले. ते घ्यायला जिवंत राहिले ते लान्स नाईक करमसिंग आणि राणे, असे दोघेच. १९६८ मध्ये राणे मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. कारवारच्या किनाऱ्यावर आज त्यांचा पुतळा उभा आहे, आणि २०२३ पासून अंदमानातील एक बेट त्यांच्या नावाने ओळखले जाते.

एवढ्यावर हे चरित्र संपवता आले असते. परंतु मला त्यातून एक प्रश्न छळतो. राणे शूर होते हे तर खरेच, पण ते जाणतेही होते. सुरुंग कसा असतो, कोठे दडवतात, मातीचा रंग कसा बदलतो, हात कोठे लावू नये, हे सारे सरकारने पैसा आणि वेळ खर्चून त्यांना शिकवले होते. मग त्याच नौशेराच्या मुलुखात आज गवत कापायला जाणाऱ्या बाईला, गुरे वळणाऱ्या पोराला ते कोण शिकवणार? डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरील हल्ल्यानंतर राजस्थान, पंजाब आणि जम्मूच्या सीमेवर मोठ्या प्रमाणात सुरुंग पेरले गेले. सैन्याने ते काढलेही, पण पावसाच्या लोंढ्याबरोबर सुरुंग जागा सोडतो, आणि शेतकऱ्याचा पाय जातो. तारेचे कुंपण आणि लाल पाटी पाहून ज्याला अर्थ कळतो, तोच वाचतो.

राणे गेले त्याच १९९४ साली संयुक्त राष्ट्रांनी सुरुंगविरोधी कार्यासाठी ऐच्छिक देणग्यांचा एक निधी उभारला. सुरुंग काढण्याइतकेच लोकशिक्षण हेही या कार्याचे अंग मानले जाते. शाळेतील धडे, चित्रांचे फलक, पथनाट्ये, गावसभा, अनोळखी वस्तूला हात न लावता खबर देण्याची सवय, असे त्याचे साधे रूप आहे. १९९७ मध्ये सुरुंगबंदीचा ओटावा करार झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही. सीमेच्या रक्षणाचे कारण त्यासाठी दिले जाते, आणि त्यावर दुमत असू शकते. पण सही असो वा नसो, गावकऱ्याला शहाणे करण्याच्या खर्चावर दुमत असण्याचे कारण नाही. सुरुंग काढणे महाग आणि सावकाशीचे काम आहे. एकेक हात जमीन तपासावी लागते. ती तपासून होईपर्यंत माणसाला वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे माहिती. आणि देणगीदाराला दाखवायला मोकळे झालेले शेत असते. न झालेला अपघात कोणाला दाखवता येत नाही. म्हणूनच या शिक्षणासाठी पैसा मागणे अवघड जाते.

हा प्रश्न दूरच्या काश्मीरचा, असे समजून आपण स्वस्थ बसू नये. रानडुकरासाठी ठेवलेले गावठी बॉम्ब आपल्या कोकणातल्या रानातही सापडतात. गुराने तोंडात धरला की ते फुटतात, आणि कुतूहलाने उचलणाऱ्या पोराचा हातही त्यात जाऊ शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण बंधारे बांधतो, रस्ते दुरुस्त करतो. त्याच शिबिराच्या खर्चात चार रंगीत फलक आणि वाडीवाडीतील एक तासाची सभा सहज बसेल.

राणे यांनी सैन्यासाठी वाट मोकळी केली. मागून येणाऱ्या साध्या माणसासाठी आरोळी देणे हे आता आपले काम आहे, आणि त्या आरोळीची किंमत कोणीतरी भरलीच पाहिजे.