भूमी मोजता मोजता भूमिती : आलेक्सी क्लेरो यांचे जीवन आणि अध्यापन

स्मरणिकेतील चरित्रलेखासाठी आम्ही यंदा एका फ्रेंच गणितज्ञाची निवड केली, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आपला भूमितीचा तास आठवून पाहावा. फळ्यावर पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता असे मथळे, त्यांखाली कारणांसह विधाने, आणि ती पाठ करून उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरविण्याची धडपड! आकृतीची अक्षरे बदलली की पाठ केलेली सिद्धता हातून निसटे. पुष्कळांनी तेव्हाच मनाशी ठरवून टाकले की हा विषय आपल्या डोक्याचा नव्हे. ज्यांच्या घरात त्यांच्या आधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्यांना तर हा निर्णय दैवाने दिल्यासारखाच वाटला असेल. दोष विद्यार्थ्याच्या डोक्यात आहे की आपण विषय ज्या क्रमाने त्याच्यापुढे ठेवतो त्या क्रमात आहे, हा प्रश्न पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या थोर गणितज्ञाने विचारला, ते आलेक्सी क्लोद क्लेरो होत.

त्यांचा जन्म १३ मे १७१३ रोजी पॅरिस येथे झाला. वडील जाँ-बातिस्त क्लेरो गणिताचे अध्यापक होते. आईला वीस अपत्ये झाली, परंतु त्यांतील बहुतेक बालपणीच दगावली. वडिलांनी मुलाला मुळाक्षरे शिकविली ती युक्लिडच्या ग्रंथातील आकृत्यांवरील अक्षरांवरून, अशी हकीकत सांगितली जाते. दहाव्या वर्षी आलेक्सी शंकुच्छेदांवरील ग्रंथ वाचत होता, आणि वयाची तेरा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, १७२६ साली, त्याने स्वतः शोधलेल्या काही वक्रांवरील निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला. त्याचा धाकटा भाऊही तसाच बुद्धिमान होता. चौदाव्या वर्षी त्यानेही अकादमीपुढे निबंध वाचला आणि सोळाव्या वर्षी देवीच्या रोगाने तो गेला. आलेक्सी अठराव्या वर्षी, १७३१ मध्ये, अकादमीचा सदस्य झाला. नियमाप्रमाणे त्याचे वय अद्याप पुरेसे नव्हते, म्हणून राजाची विशेष अनुमती घ्यावी लागली. त्याच वर्षी अवकाशातील वक्रांवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

अशा अलौकिक बालकांची चरित्रे शाळांमधून सांगितली जातात, तेव्हा सामान्य मुलांचे मन खट्टू होते, हे आम्ही पाहिले आहे. येथे मात्र गोष्ट निराळी आहे. ज्याला काहीच कठीण गेले नाही, त्याच माणसाने पुढे ज्यांना सर्व कठीण जाते त्यांच्यासाठी पुस्तक लिहिले. या पालटाला कारण झाला तो कदाचित उत्तरेकडील एक प्रवास असावा.

पृथ्वीचा आकार नेमका कसा, यावर त्या काळी मोठा वाद चालू होता. न्यूटनच्या सिद्धांताप्रमाणे ती ध्रुवांकडे चपटी असावयास हवी होती, तर फ्रान्समधील मोजणीवरून ती ध्रुवांच्या दिशेने लांबट असावी असे काहींचे मत होते. निकाल लावण्यासाठी अकादमीने एक पथक विषुववृत्ताजवळ, आजच्या इक्वेडोरच्या प्रदेशात, आणि दुसरे उत्तर ध्रुववृत्ताजवळ लॅपलँडमध्ये पाठविले. दुसऱ्या पथकाचे नेते मोपेर्त्युई होते, स्वीडनचे अँडर्स सेल्सियस त्यात सामील झाले होते, आणि तेवीस वर्षांचे क्लेरोही होते. १७३६ च्या उन्हाळ्यात टोर्निओ नदीच्या खोऱ्यात डासांचा आणि माशांचा त्रास सोशीत ही मंडळी डोंगरमाथ्यांवर खुणा उभारीत आणि एका माथ्यावरून दुसऱ्याकडे पाहून कोन मोजीत हिंडली. अशा रीतीने त्रिकोणाला त्रिकोण जोडून खोऱ्यातून एक साखळी तयार झाली. अशा मोजणीत शक्य तेथे त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजून त्यांची बेरीज दोन काटकोनांशी ताडून पाहण्याची रीत असते. आपण वहीत लिहितो तेच प्रमेय येथे दुर्बिणीची चूक पकडणारा पहारेकरी होते.

परंतु कोनांवरून केवळ आकार कळतो. लांबी कळण्यास साखळीतील निदान एक बाजू प्रत्यक्ष मोजावी लागते. ती बाजू त्यांनी डिसेंबरमध्ये, गोठलेल्या नदीच्या बर्फावर, लाकडी दांडे टोकाला टोक लावून मोजली. सुमारे १४ किलोमीटरांचे ते अंतर दोन गटांनी स्वतंत्रपणे मोजले आणि दोन्ही मापांतील फरक अवघा काही इंचांचा निघाला. उत्तरेकडे अक्षांशाच्या एका अंशाची लांबी पॅरिसजवळच्या अंशापेक्षा अधिक भरली. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, हे त्यावरून ठरले. १७३७ मध्ये क्लेरो परतले. या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १७४३ साली निघाला आणि तो आजही त्या शास्त्राचा एक आधार मानला जातो. आमचा विषय मात्र त्याच्या दोन वर्षे आधी, १७४१ मध्ये, प्रसिद्ध झालेले एक लहान पुस्तक आहे. त्याचे नाव ‘भूमितीची मूलतत्त्वे’. एमिली द्यु शातले या विदुषीला क्लेरो गणित शिकवीत होते व तिच्या निमित्ताने हे पुस्तक लिहिले गेले, असे म्हणतात.

या पुस्तकाच्या प्रस्तावनेत क्लेरो एक साधी तक्रार मांडतात. नेहमीची पाठ्यपुस्तके व्याख्या, गृहीतके आणि तत्त्वे यांची लांबलचक यादी देऊन सुरू होतात. या कोरड्या गोष्टी कशासाठी, हे नवशिक्याला कळत नाही. तो कंटाळतो, आणि विषयाचे खरे रूप दिसण्यापूर्वीच त्याचे मन उडते. मग त्यांनी विचार केला की हे शास्त्र प्रथम ज्यांनी शोधले तेही आपल्यासारखे नवशिकेच होते. त्यांना कशाची गरज पडली असेल? जमीन मोजण्याची. शास्त्राच्या मूळ ग्रीक नावाचा अर्थच तो आहे, आणि आपल्या भाषेतील ‘भूमिती’ हा शब्दही तेच सांगतो. म्हणून त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग जमिनीच्या मोजणीचा आहे. पुढील भागांत सरळ रेषांच्या आकृत्यांची तुलना, वर्तुळे आणि शेवटी घनाकृती येतात.

मोजणी म्हणजे काय, हे आमच्या शेतकरी पालकांना वेगळे सांगावयास नको. मोजणीदार आला की वाकड्यातिकड्या शेताचे तो त्रिकोण पाडतो. क्लेरोही तेच करतात. आयताचे क्षेत्रफळ लांबी आणि रुंदी यांच्या गुणाकाराने मिळते. आयत कर्णावर कापला की दोन सारखे त्रिकोण होतात, म्हणून काटकोन त्रिकोणाचे क्षेत्र आयताच्या निम्मे. पुढे कोणताही त्रिकोण शिरोबिंदूतून लंब टाकून दोन काटकोन त्रिकोणांत विभागता येतो, आणि मग कसलेही शेत हिशेबात येते. लंब म्हणजे काय, याची व्याख्या आधी येत नाही. लंबाची गरज आधी येते. पण मध्येच तळे किंवा दाट झाडी असेल, त्रिकोणाच्या आत जाताच येत नसेल, तर काय करावे? तेव्हा कोन मोजण्याची गरज उभी राहते, आणि येथे पुस्तकातील सर्वांत सुंदर पान येते, असे आम्हाला वाटते.

त्रिकोणाचा पाया आणि पायाजवळचे दोन कोन ठरले की तिसरा कोन आपोआप ठरतो. तो किती, हे न मोजता कसे कळेल? क्लेरो वाचकाला एक बाजू मनात फिरविण्यास सांगतात. पाया स्थिर, पायाच्या एका टोकाची बाजूही स्थिर. दुसऱ्या टोकाची बाजू त्या टोकाभोवती हळूहळू बाहेरच्या दिशेने वळत आहे. पायाजवळचा कोन उघडत जातो आणि वरचा कोन मिटत जातो. मग शंका येते : एक जितका वाढला तितकाच दुसरा घटला असेल का? म्हणजे तिन्ही कोनांची बेरीज कायमच राहते का? ही केवळ शंका आहे, हे ते स्पष्ट करतात. त्यानंतर ते वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढतात. समांतर रेषांचे गुणधर्म लावले की तिन्ही कोन त्या बिंदूपाशी एका सरळ रेषेवर येऊन बसतात. शंकेचे ज्ञान झाले.

आज संगणक कक्षात आमची मुले जे करतात ते हेच. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८० च्या दशकात ‘काब्री’ ही प्रणाली तयार झाली. ऑस्ट्रियातील झाल्त्सबुर्ग येथे २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी ‘जिओजेब्रा’ सुरू केली, आणि ती विनामूल्य मिळत असल्याने गावोगावच्या शाळांत पोचली. त्रिकोण काढावा, शिरोबिंदू माऊसने धरून ओढावा, कोनांचे आकडे बदलताना पाहावे. क्लेरो यांना जी बाजू मनात फिरवावी लागली, ती आता डोळ्यांसमोर फिरते. मुलाने नजरेच्या अंदाजाने चौरस काढला तर एक कोपरा ओढताच तो विस्कटतो. लंब आणि वर्तुळ वापरून रचला तर कितीही ओढला तरी चौरसच राहतो. आकृती केवळ दिसण्याने चौरस होत नाही, गुणधर्मांनी होते, हे त्या एका ओढण्यात कळते. नेदरलँड्समधील पियर आणि दिना व्हान हिले या शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये आपल्या प्रबंधांतून दाखविले की मूल आधी आकृती अखंड पाहते, मग तिचे गुणधर्म, मग गुणधर्मांतील संबंध, आणि पुष्कळ पुढे सिद्धतेची गरज ओळखते. शिक्षक वरच्या पायरीवरून बोलत असेल आणि मूल खालच्या पायरीवर असेल, तर दोघे एकमेकांस समजत नाहीत. आमच्या फळ्यावरच्या त्या मथळ्यांची कथा याहून वेगळी नव्हती.

मात्र पडद्याचा एक धोका आम्ही अनुभवाने सांगतो. पन्नास त्रिकोण ओढून पाहिले, बेरीज १८० अंश आली, की मुलांना वाटते काम संपले. सिद्धता आता कशाला? याचे उत्तर आम्हाला एका मुलीमुळे मिळाले. तिने पडद्यावरचे तीन कोन वहीत मांडून बेरीज केली ती १८०.०१ आली. यंत्र प्रत्येक आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवीत होते, म्हणून ती बारीक गफलत झाली होती. पण वर्गात वाद पेटला : खरे काय, १८० की जवळपास १८०? पडदा तो वाद मिटवू शकत नव्हता. समांतर रेषेने मिटविला.

क्लेरो यांच्याशी आमचा मतभेद आहे तो येथेच. एकमेकांना छेदणाऱ्या दोन वर्तुळांचे केंद्र एक असू शकत नाही, यासारखी उघड गोष्ट युक्लिडने सिद्ध केली ती त्याच्या काळच्या हट्टी वितंडवाद्यांची तोंडे बंद करण्यासाठी, आता त्याची गरज उरली नाही, असे ते प्रस्तावनेत म्हणतात. आरंभ करणाऱ्यासाठी ते योग्य असेल. पण उघड वाटणे आणि खरे असणे यांत अंतर असते. पुढच्या पिढीतील लजांद्र यांचे १७९४ चे पाठ्यपुस्तक पुन्हा युक्लिडच्या वळणावर गेले, ते उगाच नव्हे.

आणि हे अंतर स्वतः क्लेरो यांनी भोगले. चंद्राच्या कक्षेतील पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू हळूहळू सरकतो. न्यूटनच्या नियमावरून गणित केले असता हे सरकणे प्रत्यक्षाच्या निम्मेच येत होते. ऑयलर आणि दालांबेर यांनाही तेच उत्तर मिळाले होते. तेव्हा १७४७ मध्ये क्लेरो यांनी अकादमीपुढे जाहीर केले की गुरुत्वाकर्षणाच्या नियमातच दुरुस्ती हवी. ब्युफाँ यांनी कडाडून विरोध केला आणि वाद वाढला. क्लेरो मात्र पुन्हा आकडेमोडीकडे वळले. जी लहान पदे क्षुल्लक म्हणून सोडून दिली होती, ती धरून गणित पुढे नेले, तेव्हा उत्तर निरीक्षणाशी जुळले. मे १७४९ मध्ये, ज्या अकादमीपुढे न्यूटनला चूक ठरविले होते, तिच्याच पुढे त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले. या कामाला पुढे सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीचे पारितोषिक मिळाले.

सर्वसामान्यांत त्यांचे नाव झाले ते धूमकेतूमुळे. हॅलीने वर्तविलेला धूमकेतू परत केव्हा येईल, याचे गणित गुरू आणि शनी यांच्या ओढीसह करणे हे अवाढव्य काम होते. लालांद आणि निकोल-रेन लपोत या विदुषी यांच्यासह त्यांनी महिनोन् महिने आकडे मांडले. धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याच्या सर्वांत जवळ असेल, एका महिन्याची चूक संभवते, असे त्यांनी नोव्हेंबर १७५८ मध्ये सांगितले. तो १३ मार्च रोजी तेथे पोचला. पुढे १७६० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी लपोत यांचे श्रेय गाळले. थोरांच्या चरित्रातही असे डाग असतात, आणि ते झाकावेत असे आम्हाला वाटत नाही.

मेजवान्या आणि मैफली यांची त्यांना फार ओढ होती, आणि त्यापायी प्रकृती ढासळली असे समकालीनांचे मत होते. १७ मे १७६५ रोजी पॅरिस येथे, बावन्नावे वर्ष उलटून चारच दिवस झाले असता, त्यांचे निधन झाले.

गेल्या हिवाळ्यात सातवीच्या मुलांना आम्ही शाळेचे मैदान मोजावयास सांगितले. साधने म्हणजे एक दोरी, चार खुंट्या आणि मोजपट्टी. क्लेरो यांच्या बर्फावरच्या मोजणीची गोष्ट सांगून झाली होती, म्हणून दोन गट केले. दोन्ही मापांत हातभराहून अधिक फरक आला आणि कोणता गट चुकला यावरून जेवणाच्या घंटेपर्यंत भांडण चालले. शेवटी एका मुलाच्या ध्यानात आले की एका गटाची दोरी सकाळच्या दवाने ओली होती. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर मुले न सांगता पुन्हा मैदानावर गेली.