बाप्तिस्मा घेऊनही पंडिता रमाबाई अंडं का खात नव्हत्या?

ख्रिस्ती झाल्यावर खाण्यापिण्याचे जुने नियम सोडावेच लागतात का? हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या थेट ताटात येऊन पडला.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या, १८८२ मध्ये विधवा झाल्या आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. पण मांसाहार केला नाही. अंडं घातलेलं पुडिंगही नको म्हणाल्या. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांना यात जातीचा ताठा दिसला. खरं तर बायबलच याबाबत सैल आहे. मोशेच्या नियमशास्त्रात खाद्य-अखाद्याची लांबलचक यादी आहे. पौलाने ते बंधन काढलं, पण न खाणाऱ्याला हिणवू नका असंही रोमकरांना बजावलं. (बहाई हीच गाठ वेगळी सोडवतात: नवा प्रेषित आला की जुने सामाजिक नियम बदलतात.) रमाबाईंना ख्रिस्ताची आज्ञा मान्य होती, धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द नव्हे. गळ्यातल्या क्रूसावरही त्यांना लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं हवी होती.

१८८९ मध्ये मुंबईत काढलेल्या शारदा सदनात हिंदू मुलींना आपले जेवणाचे नियम पाळायची मुभा होती. तरीही १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. छपाई तिथल्याच बायकांनी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर त्या शाकाहारीच होत्या.